दूरच्या वसतिगृहातले मूल आणि घरचा आधार

मूल शिकायला बाहेरगावी गेले की घरात काळजी सुरू होते. जवळच्या शहरात असेल तर आईवडील रविवारी डबा घेऊन जातात, मुलाचे तोंड पाहतात, कपडे ढिले झाले आहेत का हे डोळ्यांनी बघून येतात. पण मूल समुद्रापार असेल, तिथली भाषा आईवडिलांना येत नसेल आणि इकडे रात्र असताना तिकडे दिवस असेल तर काय करायचे? हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे तो चिनी कुटुंबांनी. चौदा-पंधरा वर्षांची हजारो चिनी मुले अमेरिकेतील निवासी शाळांत शिकत आली आहेत. २०२० नंतर हा ओघ बराच ओसरला, पण थांबलेला नाही. या मुलांच्या शरीराची आणि मनाची काळजी आईवडिलांनी दूरवरून कशी घ्यावी, हे आजच्या लेखात पाहू.

ही प्रथा जुनी आहे

युंग विंग हा येल विद्यापीठाची पदवी घेणारा पहिला चिनी विद्यार्थी. त्याने ती १८५४ मध्ये मिळविली. पुढे त्याच्याच खटपटीने चिनी सरकारने १८७२ ते १८७५ या काळात दरवर्षी ३० याप्रमाणे १२० मुलगे अमेरिकेस पाठविले. बहुतेकांचे वय बारा-तेराच्या आसपास होते. निघण्यापूर्वी त्यांच्या वडिलांकडून करार लिहून घेतला जाई. मुलगा पंधरा वर्षे परदेशी राहील आणि या काळात अपघात किंवा मृत्यू झाल्यास सरकार जबाबदार राहणार नाही, असा त्याचा आशय होता. घरचे पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. तरीही एक शहाणपण तेव्हा दाखविले गेले. या मुलांना एकेकटे न ठेवता दोन-दोन, चार-चार अशा गटांनी अमेरिकन कुटुंबांत ठेवले होते. त्यामुळे परक्या घरातही आपली भाषा बोलणारा एक सोबती राहिला. १८८१ मध्ये सरकारने सर्वांना परत बोलावले. त्यांच्यापैकीच झान त्यानयौ याने पुढे बीजिंग ते झांगज्याकौ हा अवघड रेल्वेमार्ग बांधला आणि तो १९०९ मध्ये पूर्ण झाला.

आजची कारणे वेगळी आहेत. चीनमध्ये विद्यापीठाचा प्रवेश 'गाओकाओ' या जूनमधील परीक्षेवर ठरतो आणि त्या परीक्षेचा ताण टाळावा म्हणून अनेक पालक मुलांना बाहेर पाठवितात. अमेरिकेतील सरकारी हायस्कूलमध्ये परदेशी मुलाला विद्यार्थी व्हिसावर बारा महिन्यांपेक्षा जास्त शिकता येत नाही, म्हणून खासगी शाळा निवडावी लागते. त्यांत मुलाच्या राहण्याजेवणाची सोय एकाच ठिकाणी होते ती निवासी शाळेत. शिवाय २०१५ पर्यंत एक मूल हेच सरकारी धोरण असल्यामुळे यातली बरीच मुले एकुलती एक आहेत. खोली, कपाट, न्हाणीघर कोणाबरोबर वाटून घेण्याची त्यांना सवय नसते. इकडे त्यांच्या आईवडिलांचे सारे घरच एका दिवसात रिकामे होते.

जाण्यापूर्वीची तयारी

घराची ओढ हा आजार नव्हे. ती जवळजवळ प्रत्येक मुलाला थोडीफार लागतेच. या विषयाचे अभ्यासक ख्रिस्तोफर थर्बर आणि डॉ. एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात पालकांसाठी व डॉक्टरांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याचे सार असे, की ही ओढ पुष्कळशी आधीच कमी करता येते.

पहिली गोष्ट म्हणजे निर्णयात मुलाचा वाटा हवा. 'तुझ्या भल्यासाठी आम्ही ठरविले आहे' असे ऐकून गेलेल्या मुलाला ती शिक्षा वाटते. शाळांची माहिती त्याच्यासमोर ठेवावी, त्याच्या शंका ऐकाव्यात आणि नको म्हणण्याची मुभा खरोखर द्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे सराव. आधीच्या वर्षभरात मामाकडे, मित्राकडे किंवा एखाद्या शिबिरात आईवडिलांविना काही दिवस राहू द्यावे आणि त्या काळात फोनही मोजकाच ठेवावा. स्वतःचे कपडे धुणे, अंथरूण आवरणे, ताप मोजणे आणि 'मला बरे वाटत नाही, मला नर्सकडे जायचे आहे' हे इंग्रजीत सांगणे या गोष्टी घरीच शिकवाव्यात.

तिसरी गोष्ट वचनाची आहे. निरोप देताना अनेक आया म्हणतात, 'नाही आवडले तर लगेच परत ये.' यात माया असते, पण मूल पहिल्या अडचणीपासूनच परतीचे दिवस मोजू लागते. त्याऐवजी असे सांगावे: 'पहिले काही आठवडे जड जातील, सगळ्यांनाच जातात. त्यातून वाट काढायला आम्ही मदत करू. पण तू आजारी पडलास किंवा तुला कोणी त्रास दिला, तर आम्ही तिथे येऊ.' मुलाच्या धीरावरचा विश्वास आणि घरचा पाठिंबा दोन्ही त्यात येतात.

लसी, तपासण्या आणि औषधांची पेटी

प्रवेशापूर्वी शाळेला लसीकरणाचा दाखला लागतो. चीनमध्ये गोवर-रुबेलाचा पहिला डोस आठव्या महिन्यात देतात. अमेरिकेत मात्र पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस धरला जात नाही, म्हणून आणखी एक डोस घ्यावा लागू शकतो. कांजिण्यांची लस चीनमध्ये अनेक ठिकाणी ऐच्छिक राहिली आहे, त्यामुळे ती राहून गेलेली असते किंवा तिचा एकच डोस झालेला असतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना मेंदूज्वराची चार प्रकारच्या जंतूंविरुद्धची लसही बहुधा मागतात. हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

क्षयाच्या तपासणीबद्दलही आधीच माहिती असावी. लहानपणी बीसीजी टोचलेल्या मुलाच्या हातावरची त्वचेची चाचणी क्षय नसतानाही दोष दाखवू शकते. अशा मुलांसाठी रक्ताची चाचणी अधिक विश्वसनीय असते, कारण बीसीजीमुळे तिचा निकाल बदलत नाही. तसे डॉक्टरांना विचारावे. विनाकारण घाबरून जाऊ नये.

चिनी आई मुलाच्या बॅगेत औषधांचा साठा भरून देते. त्यात सर्दीच्या गोळ्या, बानलानगेन नावाच्या मुळीची पूड, वनौषधींच्या कॅप्सूल असतात आणि कधी कधी अँटिबायोटिकही असते. इथे तीन धोके आहेत. एक, बहुतेक निवासी शाळांत औषधे आरोग्य केंद्रात जमा करावी लागतात आणि खोलीत लपविलेली औषधे सापडल्यास मूल अडचणीत येते. दोन, सर्दीच्या अनेक चिनी गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. अमेरिकेत त्याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. नाव वेगळे म्हणून औषध वेगळे असे समजून मूल दोन्ही घेते, मात्रा दुप्पट होते आणि त्याचा घाव यकृतावर बसतो. तीन, काही वनौषधी मिश्रणांत माहुआंग म्हणजे एफेड्रा असते. हृदयावर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे एफेड्रा असलेली पूरक उत्पादने अमेरिकेत २००४ पासून बंद आहेत. म्हणून औषधे मोजकीच द्यावीत, त्यांतील घटकांची इंग्रजी यादी सोबत द्यावी आणि ती नर्सच्या हाती सोपवावीत. दमा, ॲलर्जी, फिट्स किंवा पूर्वीचे नैराश्य शाळेपासून लपवू नये. प्रवेश जाईल या भीतीने लपविलेला आजार मध्यरात्री उलटला, तर समोरच्या डॉक्टरांकडे उपचाराला लागणारी माहितीच नसते.

पहिले सहा आठवडे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळापेक्षा चीनचे घड्याळ उन्हाळ्यात बारा तास पुढे असते. म्हणजे शरीराचा दिवस आणि रात्र पूर्ण उलटी होतात. शरीर साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेला सरावते. म्हणून शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री विमानातून उतरणे बरे नव्हे. आठ-दहा दिवस आधी पोचावे, दिवसा उन्हात हिंडावे, दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये आणि रात्री खोलीत अंधार ठेवावा.

दुसरा प्रश्न पोटाचा. पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांत लहानपणानंतर दुधातील साखर पचविणारे द्रव्य कमी होते. शाळेच्या भोजनगृहात मात्र दूध, चीज, पिझ्झा, मलईचे सूप यांची रेलचेल असते. पोट फुगणे, गुरगुरणे, जुलाब होणे सुरू झाले की मूल लाजेने कोणाला सांगत नाही. ते जेवणच टाळते आणि खोलीत शेवयांची पाकिटे खाऊन राहते. पालकांनी हे आधीच समजावून सांगावे. दही व जुने कठीण चीज बहुधा सोसते, दुधाबरोबर घ्यायच्या पाचक गोळ्या मिळतात आणि नर्सला सांगितल्यास भोजनगृहात वेगळी सोय होऊ शकते. चिनी माणसाला गरम पाणी पिण्याची सवय असते आणि तिथे बर्फ घातलेले पाणी पुढे येते. आगीच्या भीतीने खोलीत किटली किंवा भाताचा कुकर ठेवू देत नाहीत, पण एक चांगला थर्मास दिला तर भोजनगृहातून गरम पाणी भरून आणता येते. गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण परक्या ठिकाणी गरम पाण्याचा एक घोटही मोठा दिलासा असतो.

शाळा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांतच चिनी लोकांचा शरद पौर्णिमेचा सण येतो. घरी सारे कुटुंब एकत्र बसून मूनकेक खाते, तिकडे मूल वर्गात असते. घराची ओढ या दिवसांत उसळते. सणाआधी पोचेल असे पार्सल पाठवावे आणि ते खोलीतल्या सोबत्यांत वाटून खा असे सांगावे.

मूल एक दिवस फोनवर रडेल, 'मला इथे राहायचे नाही' म्हणेल. आईवडील रात्रभर जागतात आणि सकाळी तिकिटाची चौकशी करतात. तिकडे मात्र पुष्कळदा असे झालेले असते, की मूल मनातले बोलून हलके झाले आणि फोन ठेवून मित्रांबरोबर जेवायला गेले. म्हणून अशा फोननंतर रडणे थांबविण्याची घाई करू नये, शांतपणे ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहप्रमुखांकडून मुलाचा दिवस कसा गेला याची माहिती घ्यावी.

'सगळे ठीक आहे'

रडणाऱ्या मुलापेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते ते कधीच न रडणाऱ्या मुलाकडे. चिनी भाषेत एक म्हण आहे: 'बाओ शी बू बाओ यौ'. आनंदाची बातमी कळवावी, दुःखाची कळवू नये, असा तिचा अर्थ. परदेशी गेलेल्या मुलाने घरच्यांना त्रास देऊ नये ही शिकवण त्यामागे आहे. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आईवडिलांनी माझ्यासाठी साठवलेला पैसा खर्च केला, आता मी तोंड वर करून रडगाणे कसे गाऊ, असे मुलाला वाटते. मग दर फोनला 'सगळे ठीक आहे' हे ठरलेले उत्तर मिळते. आईवडीलही आपल्या बाजूने तेच करीत असतात. आजोबांचे ऑपरेशन, वडिलांची गेलेली नोकरी, घरातील भांडण मुलाला सांगत नाहीत. दोन्ही टोकांना मुठी झाकलेल्या असतात आणि फोनवर फक्त गुणांची चर्चा होते.

जे मनातून बाहेर येत नाही ते शरीरातून बाहेर येते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात 'शेनजिंग श्वाइरुओ', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांच्या मुख्य तक्रारी डोकेदुखी, झोप न लागणे, चक्कर, थकवा अशा होत्या. तपासणीत त्यांपैकी ८७ जणांना तीव्र नैराश्य असल्याचे आढळले. हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांचे डोके खरेच दुखत होते. फक्त दुःखाला मनाच्या भाषेत वाट नव्हती. म्हणून मूल वारंवार पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, सततचा थकवा सांगू लागले तर प्रथम नर्सकडून शरीराची तपासणी करून घ्यावी आणि त्यात काही न निघाल्यास 'तुझे नाटक आहे' असे न म्हणता मनाची विचारपूस करावी.

ही मूठ उघडण्याची सुरुवात आईवडिलांनी करायची असते. घरातील एखादी लहानशी अडचण मुलाला सांगावी आणि आपण ती कशी निभावली हेही सांगावे. कठीण बातमी सांगितल्याने घर कोसळत नाही, हे मुलाला त्यातून दिसते. मुलाने वाईट बातमी दिली तर पहिले वाक्य 'तू सांगितलेस हे बरे केलेस' असे असावे. 'आम्ही तुझ्यासाठी एवढे केले' हे वाक्य पहिलेच काय, शेवटचेही असू नये. ते एकदा ऐकलेले मूल पुढची वाईट बातमी सांगत नाही.

फोन कधी आणि कसा

रोज चार वेळा फोन केल्याने मूल तिथे रुजत नाही आणि महिनाभर न केल्याने तुटते. शाळेचे नियम पाहून आठवड्यातून एक-दोन निवांत संभाषणे ठरवावीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा चीनमध्ये रविवार रात्रीचे नऊ वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिकडचे घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा चीनमध्ये दहा वाजलेले असतात. दोघेही जागे आणि मोकळे असतील अशी ही वेळ आहे. पश्चिम किनाऱ्याशी फरक पंधरा-सोळा तासांचा असल्याने तिथली वेळ वेगळी बसवावी. आपल्या सकाळी मुलाला झोपेतून उठविणारा फोन करू नये.

गुण विचारून सुरुवात केली तर संभाषण तिथेच संपते. चिनी माणूस आपल्यासारखाच भेटल्यावर 'जेवलास का' असे विचारतो, आणि ही सुरुवात उत्तम आहे. काय जेवलास, कोणाबरोबर बसून जेवलास, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. रोज एकट्याने जेवणारे मूल 'ठीक' नसते. 'या आठवड्यात सर्वांत कंटाळवाणे काय झाले?', 'कोणाशी हसलास?', 'रात्री किती वाजता झोपलास?' असे प्रश्न उपयोगी पडतात. मुलाने अडचण सांगितली की लगेच उपाय सांगू नये. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. 'तुला काय करावेसे वाटते?' आणि 'तिथे कोणाला विचारशील?' असे विचारून निर्णय त्याच्याकडे ठेवावा.

वर्गातले मौन आणि रात्रीची जागरणे

चिनी शाळेत शांतपणे ऐकणारा विद्यार्थी चांगला समजला जातो. अमेरिकेतील अनेक निवासी शाळांत नेमके उलटे असते. फिलिप्स एक्झिटर अकादमीत १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस यांनी दिलेल्या देणगीतून लंबगोल टेबलाभोवती डझनभर विद्यार्थ्यांनी बसून चर्चेने शिकण्याची पद्धत सुरू झाली आणि ती इतरत्रही पसरली. तिथे बोलणे हाच अभ्यासाचा भाग असतो. गणितात पहिला येणारा मुलगा इतिहासाच्या तासाला वाक्य जुळवीपर्यंत विषय पुढे गेलेला असतो आणि गप्प बसल्याबद्दल त्याचे गुण कमी होतात. पालकांना कागदावर फक्त गुण दिसतात आणि ते 'आणखी मेहनत कर' असे सांगतात. मग मूल रात्री दोन वाजेपर्यंत जागते.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असे अमेरिकन निद्रावैद्यक संस्थेचे मत आहे. जागरणाने स्मरणशक्ती, मनःस्थिती आणि रोगप्रतिकारशक्ती तिन्ही ढासळतात. पहिल्या सत्रात गुण घसरणे स्वाभाविक आहे, हे पालकांनी स्वतःला आधी सांगावे. सल्लागार शिक्षकांना भेटून तासाआधी दोन मुद्दे लिहून नेणे, चर्चेत सुरुवातीलाच एक वाक्य बोलून घेणे अशा लहान युक्त्या जागरणापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

शाळेतील माणसे ओळखा

आईवडिलांना तिथे हजर राहता येत नाही, म्हणून तिथल्या चार माणसांची नावे व क्रमांक त्यांच्याजवळ कागदावर लिहिलेले असावेत: वसतिगृहप्रमुख, सल्लागार शिक्षक, आरोग्य केंद्र आणि रात्री कर्तव्यावर असणारे अधिकारी. शाळेची पत्रे ई-मेलने येतात आणि गूगलच्या सेवा चीनमध्ये बंद असल्याने तिथला पत्ता वापरणाऱ्या पालकांपर्यंत ती पोचत नाहीत. चीनमध्ये चालणारा पत्ता द्यावा. पत्रे किंवा बैठका समजून घेताना दुभाषा म्हणून मुलालाच वापरू नये. आपल्याविषयीची तक्रार कोणते मूल पूर्ण भाषांतर करून सांगेल? शाळेकडे दुभाष्याची मागणी करावी किंवा ओळखीच्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी.

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत चिनी घरांत अजून आढळते. आपल्याकडेही ती कमी नाही. समुपदेशक मुलाचे बोलणे सहसा आईवडिलांना सांगत नाही, मात्र जिवाला धोका दिसला तर सांगतो. याचा राग मानू नये. त्या गुप्ततेमुळेच मूल बोलते. तसेच अमेरिकेत अठरा वर्षे पूर्ण झाली की वैद्यकीय माहितीवर मुलाचाच हक्क असतो. शेवटच्या वर्षात मूल अठराचे होण्याच्या सुमारास, आईवडिलांना माहिती देण्याची संमती लिहून ठेवण्याविषयी त्याच्याशी बोलावे.

सुट्ट्या आणि हिवाळा

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. या सुट्टीत, आणि नाताळातही, बहुतेक वसतिगृहे बंद होतात. अमेरिकन मुले घरी जातात आणि दूरच्या मुलांना कुठे जावे हा प्रश्न पडतो. अगदी शेवटच्या आठवड्यात अनोळखी घर शोधण्याऐवजी प्रवेशाच्या वेळीच स्थानिक पालक ठरवावा, त्याच्याशी स्वतः बोलावे आणि त्या घरात मुलाला सुरक्षित वाटते का, हे पहिल्या सुट्टीनंतर एकट्यात विचारावे. याचे महत्त्व मार्च २०२० मध्ये कळले. कोरोनामुळे शाळा एकाएकी बंद झाल्या आणि २९ मार्चपासून चीनने प्रत्येक विमान कंपनीला प्रत्येक देशासाठी आठवड्याला एकच फेरी ठेवली. तिकीट न मिळालेल्या मुलांना महिनोन्‌महिने तिथेच काढावे लागले. ज्यांचे दुसरे घर आधीच ठरलेले होते त्यांचे निभावले.

डिसेंबरात बॉस्टनला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ग्वांगझौसारख्या दक्षिणेकडील शहरातून आलेल्या मुलाला हा अंधार नवीन असतो. हिवाळ्यात उदास वाटणे, जास्त झोप येणे हे काहींना दरवर्षी होते. दुपारी बाहेर फिरणे, खेळ न सोडणे याने फरक पडतो. त्यातच जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष येते आणि शाळेला सुट्टी नसते. या आठवड्यांत एक फोन जास्त करावा.

केव्हा थांबू नये

घराची ओढ आणि नैराश्य यांत फरक आहे. घराची ओढ लागलेले मूल मैदानात किंवा मित्रांत रमते आणि रात्री पुन्हा हळवे होते. नैराश्यात मूल कशातच रमत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ पुढील चिन्हे दिसली तर शाळेच्या आरोग्य केंद्राशी बोलावे: झोप फार कमी किंवा फार जास्त, वजनात लक्षात येणारा बदल, तास बुडविणे, आवडत्या गोष्टी सोडणे, कॅमेरा बंद ठेवूनच बोलणे किंवा फोन टाळणे, 'मी ओझे आहे' अशी भाषा.

मरणाचा उल्लेख, स्वतःला इजा करणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे यांपैकी काही आढळले तर दोन आठवडे नव्हे, दोन तासही थांबू नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे, उलट मुलाला सुटल्यासारखे वाटते. मुलाला फोनवर धरून ठेवावे आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीने शाळेच्या रात्रीच्या अधिकाऱ्याला फोन करून 'आत्ता त्याच्या खोलीत जा' असे सांगावे. अमेरिकेत जुलै २०२२ पासून अशा प्रसंगासाठी ९८८ हा चोवीस तासांचा विनामूल्य क्रमांक आहे आणि तातडीसाठी ९११ आहे. हे क्रमांक तिथे असलेल्या माणसाने लावायचे असतात, म्हणून चीनमधल्या पालकाजवळ शाळेचा थेट क्रमांक असणे अत्यावश्यक आहे. मुलाला घरी आणण्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा आणि तसा घ्यावा लागला तर त्यात नामुष्की मानू नये. वाया गेलेले वर्ष भरून काढता येते.

आईवडिलांनी स्वतःला विसरू नये. एकुलते मूल गेल्यावर झोप उडणे, भूक मंदावणे, सतत फोन हातात धरून बसणे हे अनेक आयांना होते. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी अवस्था होते. अशा आईचा आवाज फोनवर मुलाला लगेच कळतो आणि ते अधिकच गप्प होते. चाल, छंद, शेजारपाजार, गरज पडल्यास डॉक्टर यांचा आधार घ्यावा. चीनमध्ये मानसिक मदतीसाठी १२३५६ हा क्रमांक २०२५ पासून देशभर सुरू झाला आहे.

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांची मुले अमेरिकेतील निवासी शाळेत असतील. पण पाचगणीच्या वसतिगृहात, लातूरच्या किंवा कोट्याच्या क्लासच्या खोलीत असलेले मूलही फोनवर 'सगळे ठीक आहे' असेच सांगते. त्याच्यासाठीही वरील बहुतेक गोष्टी लागू आहेत.

हे लक्षात ठेवा

१. निर्णयात मुलाला सहभागी करा, दूर राहण्याचा सराव आधी द्या.
२. लसी, आजार व औषधे यांची खरी माहिती शाळेला द्या.
३. फोनवर गुणांआधी जेवण, झोप आणि सोबती यांची चौकशी करा.
४. मुलाने वाईट बातमी दिली तर आधी ती दिल्याबद्दल शाबासकी द्या.
५. वारंवार पोट किंवा डोके दुखत असेल तर शरीराबरोबर मनाचीही तपासणी करून घ्या.
६. रात्री-अपरात्री मुलाच्या खोलीपर्यंत जाऊ शकेल अशा माणसाचा क्रमांक भिंतीवर लावून ठेवा.